दोन सीटांची हिरवी गाडी

धोंडीराम पगारे एस.टी.त ड्रायव्हर होता आणि मी त्याच्या गाडीवर कंडक्टर. नाशिक-मालेगाव, नाशिक-कळवण अशा फेऱ्या आम्ही बरीच वर्षं बरोबर मारल्या. मी बागलाणातला, तो येवल्याकडचा. वय साधारण सारखंच, त्यामुळे अरेतुरेचं नातं. नाशिकला गंजमाळजवळच्या वस्तीत त्याचं पत्र्याचं घर होतं. घरात बायको यशोदाबाई, मुलगी लता, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि खाली लाकडी फळीवर त्याची खाकी टोपी. टोपी तो कधी जमिनीवर ठेवायचा नाही.

गाडी तो फार सांभाळून चालवायचा. चांदवडजवळच्या राहुड घाटात मागून कितीही हॉर्न वाजले तरी घाई नाही. पॅसेंजर वैतागायचे, पण बाया मुलाबाळांना घेऊन मुद्दाम त्याच्या गाडीची वाट बघत थांबायच्या, हे मी पाहिलेलं आहे.

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. त्या घाटात आम्हाला एक गाडी मागं टाकून गेली. बुटकी, लांब नाकाची, गडद हिरवी, वरचं कापडी टप मागं दुमडलेलं, चाकांना सायकलसारख्या तारा. दोनच सीटा. देवळालीचा कुणी लष्करी साहेब ती चालवत होता. वळणावर ती रस्त्याला अशी चिकटून गेली, की धोंडीरामनं आपली बस चक्क कडेला घेतली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"पाहिलंस का भिकन?" तो म्हणाला. "वळणावर ब्रेकच नाही लावला त्यानं. लय भारी."

पुढं वर्षातून एखाद-दोन वेळा ती गाडी दिसायची. मालक बदलत गेले. साहेबानंतर नाशिकचे एक डॉक्टर, त्यांच्यानंतर पिंपळगावचा एक कांद्याचा व्यापारी. दिसली की धोंडीराम माझ्याकडे आरशातून बघून भुवई उडवायचा. एवढंच. ती आपल्याकडे असावी वगैरे तो कधी बोलला नाही. आमच्यासारख्यांच्या बोलण्यात असलं काही येतच नसे.

ऐंशीच्या सुमारास त्याला रात्री कमी दिसायला लागलं. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड गेला, की काही क्षण सगळं काळं व्हायचं. त्यानं रात्रीच्या फेऱ्या बदलून घ्यायला सुरुवात केली. मला वाटलं, थकलाय. ब्याऐंशी साली डोळ्यांच्या तपासणीत ते उघड झालं. सिव्हिलच्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं, की डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं सुकत चाललाय. यावर औषध नाही. हळूहळू नळीतून बघितल्यासारखं होईल आणि मग तेही जाईल. त्याला ड्रायव्हिंगवरून काढून डेपोच्या गेटवर बसवलं.

घरी त्यानं यातलं निम्मंच सांगितलं. रात्रीचं दिसत नाही, म्हणून गेटवर घेतलंय, एवढंच. मलाही तो तेच सांगायचा आणि चिडायचा. "दिवसाचं मला सगळं दिसतं. पेपरातलं लय बारीक अक्षरबी दिसतं. दिवसाची ड्यूटी द्यायला काय झालं होतं यांना?" आणि खरंच तो चष्म्याशिवाय पेपर वाचायचा. त्यामुळे मलाही वाटायचं, याच्यावर अन्याय झाला.

गेटवर बसल्यापासून तो बोलेनासा झाला. आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, बाहेर जाणाऱ्यांचे लिहायचे. घरी गेला, की भिंतीला टेकून बसायचा. लता कॉलेजचं काही सांगायला गेली तर हं-हं करायचा. वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "घरात माणूस आहे की नाही ते वासावरून ओळखावं लागतं."

त्र्याऐंशीच्या थंडीत ती हिरवी गाडी विकायला आली. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ बद्रुद्दीनशेठ जुन्या गाड्यांचा व्यापार करायचे. कांद्याच्या व्यापाऱ्यानं ती त्यांच्याकडे आणून टाकली होती. धोंडीरामला कुणी सांगितलं माहीत नाही. पण ड्यूटी संपली, की तो रोज तिकडे जायला लागला. एकदा मलाही घेऊन गेला.

गाडीची दशा झाली होती. हिरवा रंग कडेनं फुगून पोपडे सुटलेले, सीटचं चामडं फाटून आतला काथ्या बाहेर आलेला. धोंडीराम बोनेट उघडून आत वाकला, मग इंजिन चालू करून मागं जाऊन धूर बघून आला. धूर निळा होता.

"ऑईल खाते," तो म्हणाला.

"खाते ना," बद्रुद्दीनशेठ म्हणाले. "धोंडीरामभाऊ, मैं झूठ नहीं बोलूंगा. मीटर एकदा पूर्ण फिरून परत शून्यावर आलंय. दुसऱ्यांदा पण निम्म्याच्या वर गेलंय. दुसरा गिअर उडतो. पार्ट इथं मिळत नाहीत, मुंबईत शोधावे लागतील, तिथंही नशिबाची गोष्ट. शौकाची चीज आहे. ज्याला पोट भरायचंय त्यानं घेऊ नये."

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "ऐकलंस ना? विकणाराच घेऊ नको म्हणतोय."

"मला पोट नाही भरायचं तिच्यावर."

"मग काय करणार आहेस?"

त्यानं मागं वळून गाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "भिकन, एवढी वर्षं स्टेअरिंग धरलं. माझ्या मर्जीनं एकदा तरी कुठं वळलो का मी? बोर्डावर लिहिलेलं असायचं, तिकडं जायचं. आता डोळे आहेत तोवर एकदा स्वतःसाठी चालवायचीये."

डोळे आहेत तोवर, हे शब्द तेव्हा माझ्या कानावरून नुसते गेले. मी त्यांचा अर्थ विचारायला हवा होता, हे कळायला आणखी काही दिवस जायचे होते.

घरी त्यानं विषय काढला तेव्हा वहिनी आधी हसल्या. त्यांना ती थट्टाच वाटली. पत्रे काढून स्लॅब टाकायला म्हणून दोघांनी पैसे साठवले होते, ते गाडीत जाणार होते. "आणि दोनच सीटा? लता कुठं बसायची? तुमच्या डोक्यावर?" लताही हसली. पण दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा तोच विषय. गाडीचा गिअर कसा, चाकं कशी, साहेब घाटात कसा चालवायचा. तिसऱ्या दिवशीही तेच. वहिनींच्या लक्षात आलं, की वर्षभर भिंतीला टेकून बसलेला माणूस बोलतोय, हातवारे करतोय, जास्तीची भाकरी मागून घेतोय.

आठवड्याभरानं त्याच म्हणाल्या, "घ्या."

"स्लॅबचं काय?"

"पत्रे गळत नाहीत अजून. घ्या तुम्ही. लोकांना जायचं तिथं नेलंत आजवर. आता तुम्हाला जायचं तिथं जा."

तरी तो लगेच घेईना. निळा धूर त्याला दिसत होता. एक दिवस घ्यायची ठरवायचा, दुसऱ्या दिवशी नको म्हणायचा. शेवटी बद्रुद्दीनशेठच म्हणाले, "रविवारी सकाळी या. वहिनींना बसवा आणि चांदवडपर्यंत फिरवून आणा. मग हो किंवा नाही सांगा. मी काही घाई करत नाही."

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. एकदाच सांगितलं, पण सगळं सांगितलं.

त्या रविवारी त्यांनी लग्नाकार्याला नेसायची जांभळी साडी नेसली. धोंडीरामनं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आडगाव नाका सुटला, तसा त्यानं वेग वाढवला. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, कांद्याच्या गाड्या. वाऱ्यानं वहिनींचा पदर उडत होता, तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. त्यांना भीती वाटत होती आणि मजाही. तो सारखा बोलत होता. इथं एकदा टायर फुटला होता, इथं एक बाळंतीण गाडीतच अडली होती, या हॉटेलातला चहा चांगला. "आवाज ऐक," तो म्हणाला. "थकलीये, पण अजून जीव हाय तिच्यात." लग्नानंतर इतकं खूश त्यांना कधी पाहिलं नव्हतं, असं वहिनी म्हणाल्या.

वडाळीभोईच्या अलीकडे डाव्या बाजूनं एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडायला निघाली. वहिनींना ती लांबूनच दिसली. ऊन स्वच्छ होतं, रस्ता सरळ होता. त्यांना वाटलं, आता हे वेग कमी करतील. वेग कमी होईना. त्यांना वाटलं, आता हॉर्न देतील. तो बोलतच होता. अगदी जवळ गेल्यावर त्या किंचाळल्या, "अहो, बाई! बाई!"

त्यानं ब्रेक दाबला. गाडी घसरत गेली. भाऱ्याला धक्का लागला, गवत बोनेटवर आणि रस्त्यावर उधळलं, बाई गरकन फिरून चरात पडली.

गाडी थांबल्यावर धोंडीराम दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून तसाच बसला. "काय झालं?" तो विचारत होता. "काय होतं? कुत्रं होतं का?"

वहिनी उतरून धावल्या. बाईचं कोपर सोलवटलं होतं, गुडघ्याला खरचटलं होतं. बाकी ती धड होती. वहिनींनी हात दिला, तशी उठली आणि तरातरा गाडीच्या पलीकडे, त्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"डोळे हायेत का नाय रे तुला?" ती ओरडली. "भरदिवसा माणूस दिसत नाय?"

तो समोरच बघत होता. "यशोदा," तो म्हणाला, "कुठं आहे ती? मला ती दिसली नाही. अजून दिसत नाहीये. आवाज येतोय."

"तुमच्या शेजारी उभी आहे," वहिनी म्हणाल्या. "अहो, हाताच्या अंतरावर उभी आहे ती."

मग त्यानं मान पूर्ण वळवली आणि त्याला ती दिसली. आधी सोलवटलेलं कोपर, मग चेहरा. वहिनींना त्या क्षणी सगळं कळलं. रात्रीचंच नव्हे, दिवसाचंही. समोरच्या टीचभर तुकड्याच्या पलीकडे काही नव्हतं आणि ते नाही हे त्यालाही माहीत नव्हतं.

त्या बाईचं नाव भागीबाई. त्याचा चेहरा बघून तिचा राग गेला. "मला काय झालं नाय बाबा," ती म्हणाली. "पाणी पी. जा तुम्ही." तिनं शेजारच्या मळ्यातून कळशी आणून दोघांना पाणी पाजलं, आणि वहिनी गवत गोळा करायला लागल्या तर त्यांनाही गप्प बसवलं.

"हळूहळू चला," वहिनी त्याला म्हणाल्या. "मी सांगते ना, कुठं काय आहे ते."

"किल्ली काढ," तो म्हणाला. "माझे हात चालत नाहीत."

गाडी तिथंच कडेला राहिली. नाशिककडे जाणाऱ्या एका ट्रकवाल्याबरोबर वहिनींनी बद्रुद्दीनशेठकडे निरोप धाडला. दुपार उतरल्यावर त्यांचा पुतण्या रियाज आला. गाडीत जागा दोघांचीच, म्हणून तो गाडी घेऊन गेला आणि ही दोघं रस्त्यावर एस.टी.ची वाट बघत थांबली. मालेगावहून येणारी पहिली गाडी आमची होती.

त्या दिवसांत माझ्याबरोबर झुंबर नावाचा नवा ड्रायव्हर होता. त्याला धोंडीरामनंच गाडी शिकवली होती. त्यानं यांना बघून केबिनमधून हाक मारली, "ओस्ताद, पुढं या की!" धोंडीरामनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि वहिनींचा हात धरून थेट मागच्या बाकावर जाऊन बसला. मी गेलो, विचारलं, "काय रे, इकडे कुठं?" वहिनींनी डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं.

ओझर मागं पडलं तेव्हा अंधारून आलं होतं. त्यानं मला हाक मारली. मी शेजारी बसलो.

"भिकन, खरं सांगायचं."

"काय?"

"शेवटच्या दोन-तीन वर्षांत, मी चालवत असताना, आपल्या गाडीनं कुणाला पाडलं का? तू मागं असायचास. खिडकीतून दिसलं असेल तुला. चरात पडलेलं कुणी?"

"नाही रे. काय बोलतोस हे?"

"कळवणच्या रस्त्याला? वणीच्या पुढं? लोक डोक्यावर काहीबाही घेऊन चालतात तिथं."

"नाही. एकही नाही. खरंच नाही."

आणि खरंच नव्हतं. मी त्याच्या मुलीची शपथ घेतली, माझ्या आईची घेतली. त्यानं मान हलवली. पण त्याचा विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं.

दोन दिवसांनी बद्रुद्दीनशेठ स्वतः त्याच्या घरी आले. त्यांना वाटलं, गाडीनं रस्त्यात काहीतरी त्रास दिला असणार, म्हणून हा नाराज आहे. त्यांनी किंमत कमी केली. त्यांनी आणखी कमी केली. "गिअरचं काम मी करून देतो," ते म्हणाले, "तुमच्याइतकी कदर दुसरा कुणी करणार नाही, म्हणून सांगतो." धोंडीराम खाली बघत बसलेला. शेठ भला माणूस, समोरच्याला सौदा करायचाय असं समजून उतरत गेला, आणि हा काहीच बोलेना. शेवटी वहिनी चुलीपासून उठून म्हणाल्या, "भाईसाब, गाडी चांगली आहे. आम्हाला नको." मग शेठ गेले. पुढं ती गाडी मुंबईकडच्या कुणाला तरी विकली गेली.

धोंडीरामनं मात्र शोध सुरू केला. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तो कळवणच्या रस्त्यावरच्या एखाद्या थांब्यावर उतरायचा आणि टपरीवर, पारावर, भेटेल त्याला विचारायचा: ऐंशी ते ब्याऐंशीच्या दरम्यान एस.टी.नं इथं कुणाला धक्का दिला होता का? एकट्याला सोडवेना, म्हणून वहिनी बरोबर जायच्या. लोकांना वाटायचं, हा सरकारी चौकशीला आलेला माणूस. कुणी म्हशीचं सांगायचं, कुणी कोंबड्यांचं. काहींनी नुकसानभरपाई मिळेल या आशेनं काहीही सांगितलं. तो सगळं ऐकून घ्यायचा.

वणीच्या पुढच्या एका वस्तीवर त्याला वाळू नावाचा एक जण भेटला. तिशीतला माणूस, एक पाय आखडलेला. एक्क्याऐंशी साली दिवेलागणीला रस्त्यानं येताना गाडीनं उडवला होता. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर होतो.

"एस.टी. होती का?" धोंडीरामनं विचारलं.

"नाय बा. ट्रक व्हता," वाळू म्हणाला.

"नंबर पाहिला?"

"नंबर कुठनं बघतो? पडलो ना मी."

"मग ट्रक कशावरून?"

"आरं, मी पाह्यला! मागं लाकडं भरली व्हती."

"अंधार होता म्हणतोस. लाकडं कशी दिसली?"

वाळू माझ्याकडे बघायला लागला. मी धोंडीरामला सांगितलं, की दिवेलागणीला त्या रस्त्यावर आपली फेरीच नव्हती. तो म्हणाला, "उशीर व्हायचा कधीकधी." उशीर व्हायचा, ते खरं होतं.

त्यानंतर तो दुसऱ्या कुठल्या गावाला गेला नाही. वाळूकडेच जायचा. जाताना कधी गूळ, कधी धोतरजोडी न्यायचा. तास-तास त्याच्या पायाकडे बघत बसायचा. शेवटी वाळूच्या आईनं, नवसाबाईनं, वहिनींना बाजूला घेतलं. "बाई, यांना परत आणू नका," ती म्हणाली. "माझं लेकरू सगळं विसरून कामाला लागलं व्हतं. हे येऊन गेले की दोन-दोन दिस जेवत नाय." मग तेही थांबलं.

शहाऐंशीत डेपोच्या गेटवरचं काम सुटलं. नंबर वाचता येईनात. वहिनी पिंपळगावहून येणारे कांदे सोलायच्या कामाला लागल्या. तो घरात बसून राहिला. मी जायचो, बोलायचो; तो ऐकायचा. बाहेर ओट्यावर चल म्हटलं तर म्हणायचा, "नको. कुणाला तरी लागेल माझा धक्का." काठी दिली, ती त्यानं वापरली नाही. नळावर बाया असतात, पोरं खेळतात, कुणाला काठी लागली तर?

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात लताचं लग्न ठरलं. मुलगा कळवणला शाळेत शिक्षक. लग्न तिकडेच होतं. आदल्या दिवशी सगळी वस्ती टेंपोत बसून गेली. धोंडीरामला किती जणांनी समजावलं! लता पायाशी बसून रडली. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला आणि एकच म्हणत राहिला, "मी रस्त्यावर नाही येणार, बाळा. तू सुखानं जा."

त्याला शेजारच्या सुलाबाईंच्या भरवशावर सोडून वहिनी मागाहून, पहाटेच्या गाडीनं निघाल्या. गाडी माझीच होती. त्यांनी मांडीवर लताच्या साडीचं बोचकं घेतलं होतं. दिंडोरी आली. तिकिटं संपवून मी त्यांच्या शेजारी बसलो, तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना कळत नव्हतं तोवर ते ठीक होते हो. डोळे तर जायचेच होते. पण नुसते डोळे गेले असते आणि हे राहिले असते. गाडी घ्या म्हणून मीच म्हटलं."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच म्हणालात."

"हो," त्या म्हणाल्या. "भल्यासाठीच."

कळवणला स्टँडवर मुलाकडची माणसं न्यायला आली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "नवरीचे वडील?" वहिनींनी पदर सारखा केला, बोचकं काखेत घेतलं आणि सांगितलं, "ते नाही येऊ शकले. चला, उशीर होतोय." आणि त्या पुढं चालायला लागल्या.